ऑस्कर कोणाला मिळणार यावरून आम्हा नवरा-बायकोचे दरवर्षी वाजते. अंदाज नेमका कसा बांधावा?

आपण लिहिले आहे की लग्नाला चार वर्षे झाली, दोघांनाही चित्रपटांचे वेड आहे, दरवर्षी दोघे बसून ऑस्करची यादी भरता, आणि यजमानांनी 'मनाला वाटले म्हणून' लिहिलेली नावे जेव्हा बरोबर येतात तेव्हा आपल्याला फार राग येतो. हा राग मी चांगला ओळखते आणि तो रास्त आहे असे माझे स्पष्ट मत आहे. अंदाज बरोबर आला म्हणजे तो नीट विचार करून बांधला होता, असे सिद्ध होत नाही. हे वाक्य मी आमच्या घरी गेली काही वर्षे सांगत आले आहे.

आम्ही डोंबिवलीत राहतो आणि आमची वही २००२ सालापासूनची आहे. त्या वर्षी 'लगान' परभाषिक चित्रपटांच्या अंतिम पाचांत होता. यजमानांनी अर्थातच 'लगान' लिहिले. मी बोस्नियाचा 'नो मॅन्स लँड' लिहिला, कारण ऑस्करआधी दिला जाणारा गोल्डन ग्लोब पुरस्कार जानेवारीत त्याच चित्रपटाला मिळाला होता. पुरस्कार बोस्नियाला गेला आणि यजमान दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. आपल्या चित्रपटाच्या विरोधात मी पैज लावली, असे त्यांचे म्हणणे होते. 'लगान'ला पुरस्कार मिळावा असे मलाही मनापासून वाटत होते, परंतु मिळेल असे वाटत नव्हते, आणि वहीत मात्र एकच नाव लिहायची सोय होती. त्याच आठवड्यात मी पट्टी घेऊन दोन रकाने आखले, एक 'मिळावे' आणि दुसरा 'मिळेल'. गुण फक्त दुसऱ्या रकान्याला, आणि हरणाऱ्याने पुढचे वर्षभर सकाळचा पहिला चहा करायचा, असा नियम ठरला. आपणही निदान एवढे आजच करावे. चित्रपटप्रेमी जोडप्यांची निम्मी भांडणे केवळ या दोन गोष्टी एकाच कागदावर एकत्र लिहिल्यामुळे होतात.

आता ज्या कारणासाठी मी हे उत्तर लिहायला बसले ते सांगते. २०२१ चा सोहळा नेहमीपेक्षा उशिरा, एप्रिलच्या अखेरीस झाला. आपल्याकडे तेव्हा २६ एप्रिलची, सोमवारची पहाट होती. दुसरी लाट ऐन भरात होती, बाहेर संचारबंदी होती, आणि यजमानांना कोरोना झाल्यामुळे ते आतल्या खोलीत विलगीकरणात होते. वही त्यांच्याकडे देता येत नव्हती, म्हणून आदल्या रात्री आम्ही फोनवरून यादी भरली. ते नाव सांगत आणि मी लिहीत असे. मध्येच थांबून ते ऑक्सिमीटरवरचा आकडा सांगत आणि मी तो वहीच्या समासात टिपून ठेवी. ते आकडे त्या पानावर अजून आहेत.

सर्वोत्तम अभिनेत्याच्या विभागात मी दोन्ही रकान्यांत चॅडविक बोसमन यांचे नाव लिहिले होते. 'मा रेनीज ब्लॅक बॉटम'मधला त्यांचा ट्रम्पेटवादक मी पाहिला होता, आणि देवाला जाब विचारतानाचा त्यांचा प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांचे निधन झाले होते. गोल्डन ग्लोब आणि अभिनेत्यांच्या संघटनेचा पुरस्कार, दोन्ही त्यांना मिळाले होते. यजमानांनी 'हॉपकिन्स' असे सांगितले. 'द फादर' तोपर्यंत आम्हा दोघांनाही पाहायला मिळाला नव्हता.

"अहो, तुम्ही तो चित्रपट पाहिलेला नाही," मी म्हणाले.

"पाहायची गरज नाही. त्या माणसाला काय झालंय ते मला ठाऊक आहे."

याचा अर्थ मला लगेच समजला. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणत असू, २०१७ साली गेले आणि त्याआधीची चार वर्षे त्यांना स्मृतिभ्रंश होता. निवृत्त होऊन वीस वर्षे उलटली होती, तरी ते पहाटे उठत, शर्ट-पँट घालून रिकामा डबा हातात घेऊन दाराशी उभे राहत, आणि आठ-सतराची लोकल चुकेल म्हणून यजमानांवर चिडत. यजमान त्यांना सांगत की आज रविवार आहे. आठवड्याचे सातही दिवस आमच्या घरी रविवार असे. 'द फादर' हा स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांविषयीचा चित्रपट आहे, एवढेच यजमानांना माहीत होते आणि त्यांना तेवढे पुरले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण त्या रात्री आकडा ९३ वर आला होता. मी नाव लिहून घेतले.

सकाळी दूरदर्शन संचाशेजारी मी फोन ठेवला, म्हणजे आत त्यांना ऐकू जावे. त्या वर्षी आयोजकांनी क्रम बदलला होता. सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार, जो एरवी सर्वांत शेवटी असतो, तो 'नोमॅडलँड'ला आधीच देऊन झाला, आणि अभिनेत्याचा पुरस्कार शेवटी ठेवला होता. बोसमन यांना आदरांजली वाहून सोहळा संपवायचा त्यांचा बेत असावा, असा तर्क त्या वेळी सर्वांनी केला आणि मीही केला. तोपर्यंत आमचे गुण समान होते. वाकिन फीनिक्स यांनी पाकीट उघडून अँथनी हॉपकिन्स यांचे नाव वाचले. हॉपकिन्स तिथे उपस्थित नव्हते, त्यामुळे भाषण झाले नाही आणि सोहळा तिथेच संपला.

फोनवर आवाज स्पष्ट आला नसावा. आतून "कोण?" असे ऐकू आले. मी नाव सांगितले. बराच वेळ काहीच बोलणे झाले नाही आणि मी घाबरून दाराजवळ गेले. मग ते म्हणाले, "दादांना मिळालं."

त्या क्षणाविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. तक्रार पुढच्या गोष्टीविषयी आहे. यजमान बरे झाले, आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात, प्रत्येक गणपतीत, ते ही हकीकत सांगतात आणि शेवटी म्हणतात की हिची सगळी आकडेमोड हरली आणि माझे मन जिंकले. ऐकणाऱ्यांना ते फार आवडते. मला ते मान्य नाही. ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे जवळपास दहा हजार सभासद मतदान करतात, त्यांपैकी कोणीही दादांना पाहिलेले नव्हते. यजमानांचे दुःख खरे होते, पण ते मतदारांच्या मनात काय आहे याचा पुरावा नव्हते. हीच गोष्ट त्यांनी २००२ साली केली होती, आणि तेव्हा ती चुकली म्हणून ती कोणी सांगत नाही.

आकडेमोड हरली हेसुद्धा खरे नाही. चूक आकडेमोड करण्यात माझी झाली. ब्रिटिश अकादमीचे बाफ्टा पुरस्कार त्या वर्षी ११ एप्रिलला, म्हणजे ऑस्करच्या अवघ्या दोन आठवडे आधी झाले होते आणि तिथे हॉपकिन्स यांनाच पुरस्कार मिळाला होता. ब्रिटिशांनी केलेला आपल्या घरच्या माणसाचा सन्मान म्हणून मी ते सोडून दिले. अभिनेत्रीच्या विभागात त्या वर्षी चार मोठे पुरस्कार चार वेगळ्या अभिनेत्रींना मिळाले होते. तिथेही मी अभिनेत्यांच्या संघटनेवर विसंबून वायोला डेव्हिस लिहिले आणि पुरस्कार बाफ्टा मिळवलेल्या फ्रान्सिस मॅकडॉरमंड यांना गेला. अभिनयाचे चारही ऑस्कर त्या वर्षी बाफ्टाच्या विजेत्यांनाच मिळाले. म्हणजे हॉपकिन्स यांचे नाव लिहिण्यास चांगले कारण उपलब्ध होते. ते मला दिसायला हवे होते, आणि यजमानांनी तर ते पाहिलेही नव्हते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. मतदान कोण करते हे आधी समजून घ्यावे. गोल्डन ग्लोब देणारे २०२१ साली शंभराहूनही कमी पत्रकार होते आणि ते ऑस्करचे मतदार नव्हते, म्हणून २००२ साली माझा अंदाज त्यावरून बरोबर आला असला तरी आज मी त्याला फारसे महत्त्व देत नाही. दिग्दर्शक, निर्माते आणि अभिनेते यांच्या संघटनांचे पुरस्कार आणि बाफ्टा यांच्याकडे लक्ष द्यावे, कारण तिथले काही मतदार ऑस्करलाही मत देतात. समीक्षकांच्या याद्या 'मिळावे'च्या रकान्यासाठी वाचाव्यात, 'मिळेल'साठी नव्हे.

सर्वोत्तम चित्रपटाचा विभाग मात्र वेगळ्या रीतीने मोजला जातो आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. इतर विभागांत ज्याला सर्वाधिक मते तो जिंकतो. चित्रपटासाठी २०१० च्या सोहळ्यापासून पसंतीक्रम लिहून घेतात, आपल्या विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार लिहितात तसा. सर्वांत कमी पहिल्या पसंतीचा चित्रपट बाद होतो, त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या चित्रपटाकडे जातात, आणि कोणाला तरी निम्म्याहून अधिक मते मिळेपर्यंत हे चालू राहते. त्यामुळे काहींना अतिशय आवडलेल्या आणि काहींना मुळीच न आवडलेल्या चित्रपटापेक्षा, सर्वांना बऱ्यापैकी आवडलेला चित्रपट पुढे जातो. निर्मात्यांची संघटनाही अशीच मोजणी करते, म्हणून या विभागासाठी तिचा पुरस्कार महत्त्वाचा.

२०२२ साली हेच घडले. 'द पॉवर ऑफ द डॉग'ला बारा नामांकने होती आणि 'कोडा'ला केवळ तीन. मला 'द पॉवर ऑफ द डॉग' अधिक श्रेष्ठ वाटतो, आजही वाटतो, आणि पहिल्या रकान्यात मी तेच नाव लिहिले. दुसऱ्या रकान्यात 'कोडा' लिहिले, कारण निर्मात्यांच्या संघटनेने त्याला निवडले होते, अभिनेत्यांच्या संघटनेने त्याच्या संपूर्ण संचाला गौरवले होते, आणि तो चित्रपट नावडणारा माणूस मला भेटला नव्हता. यजमानांनी दोन्हीकडे 'द पॉवर ऑफ द डॉग' लिहिले. 'कोडा'ला तिन्ही पुरस्कार मिळाले, आणि 'द पॉवर ऑफ द डॉग'ला बारांतून दिग्दर्शनाचा एक. त्या वर्षी चहा त्यांनी केला, पण ही हकीकत आमच्याकडे कोणत्याही लग्नात सांगितली जात नाही.

त्याच वर्षी मी वहीत तिसरा रकाना आखला, 'का' या शीर्षकाचा. नाव लिहिल्यावर कारण लिहायचे, आणि तेही पाकीट फुटण्याआधी. आपल्या भांडणावर माझ्याकडे असलेला खरा उपाय हाच आहे. लेखी कारण समोर असले की निकालानंतर कोणी काय विचार केला होता याविषयी वाद उरत नाही. यजमानांनी 'मनाला वाटले' असे लिहिले तर लिहू द्यावे, फक्त ते शाईने लिहून घ्यावे आणि पाच वर्षांनी त्यातली किती बरोबर आली ते मोजावे.

आणखी एक नियम पाळावा. न पाहिलेल्या चित्रपटातले नाव 'मिळावे'च्या रकान्यात लिहू नये, आणि जिथे सगळे पाहिले नाहीत तिथे तो रकाना कोरा सोडावा. २०२१ साली 'द फादर' न पाहता मी तिथे बोसमन यांचे नाव लिहिले, ते चुकीचे होते. अकादमीनेही एप्रिल २०२५ मध्ये असाच नियम जाहीर केला की त्या विभागातली सर्व नामांकने पाहिल्याशिवाय अंतिम फेरीत मत देता येणार नाही. 'द फादर' आम्ही २०२१ च्या त्या सोहळ्यानंतर काही महिन्यांनी घरी पाहिला. त्यातला म्हातारा सारखे आपले मनगटी घड्याळ शोधत असतो. तो प्रसंग सुरू झाला तेव्हा यजमान उठून गॅलरीत गेले आणि मी चित्रपट थांबवून ठेवला. हॉपकिन्स यांना तो पुरस्कार मिळायलाच हवा होता याविषयी आमच्यात आता कोणताही मतभेद नाही.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. मी बाफ्टाविषयी वर जे लिहिले ते दर वर्षी लागू पडत नाही. २०२३ साली मी त्यावर पूर्ण विसंबून ऑस्टिन बटलर आणि केट ब्लँचेट लिहिले, आणि अभिनयाच्या चारही विभागांत बाफ्टाचा एकही विजेता ऑस्करपर्यंत पोचला नाही. ब्रेंडन फ्रेझर आणि मिशेल यो यांच्यासह चौघेही अभिनेत्यांच्या संघटनेने निवडलेले होते. पुढच्या दोन वर्षी एमा स्टोन आणि मायकी मॅडिसन यांच्या बाबतीत पुन्हा बाफ्टाच बरोबर ठरले. शिवाय अकादमी मतांची संख्या कधीच जाहीर करत नाही, त्यामुळे २०२१ साली बोसमन दहा मतांनी हरले की हजार, हे कोणालाच सांगता येणार नाही. तसेच ही पद्धत आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांना लावू नये. तिथे नामांकनांची यादी जाहीर होत नाही आणि दरवर्षी नेमलेले परीक्षक मंडळ निर्णय घेते, म्हणून आम्ही त्यांचे अंदाज वहीत लिहीत नाही, फक्त मराठी चित्रपटांची नावे टिपून ठेवतो.

मागच्या दिवाळीत साफसफाई करताना वही पुन्हा हाती आली, तेव्हा मी जुन्या पानांवरही तिसरा रकाना आखून घेतला आणि ज्या वर्षांची कारणे आठवत होती ती भरली. २०२१ च्या पानावर, हॉपकिन्स यांच्या नावापुढे, यजमान म्हणतात की 'दादा' असे लिही. ते अंदाजाचे कारण होऊ शकत नाही असे मी त्यांना सांगितले आहे. त्यांनी दुसरे कारण दिलेले नाही, आणि ती जागा अजून कोरी आहे.