भरवसा की विश्वास? 'रिलायेबल' वापरताना

प्रिय,

तू शिफारसपत्राच्या मसुद्यात 'ही इज रिलायंट' असं लिहिलं आहेस आणि तिथे अर्थ उलटा झाला आहे. 'रिलायेबल' म्हणजे ज्याच्यावर विसंबता येतं तो. 'रिलायंट' म्हणजे जो दुसऱ्यावर विसंबून असतो तो. 'सेल्फ-रिलायंट' म्हणजे स्वावलंबी, हे लक्षात ठेवलंस की गोंधळ होणार नाही.

मूळ क्रियापद 'रिलाय'. ते जुन्या फ्रेंचमधून आलं, आणि त्यामागे लॅटिनमधला बांधण्याचा अर्थ आहे. स्पेलिंगमध्ये शेवटच्या 'वाय'चा 'आय' होतो, पण 'रिलाइंग'मध्ये 'वाय' तसाच राहतो. उच्चारात जोर 'लाय'वर.

खरी अडचण शब्दयोगाची असते. 'रिलाय'नंतर 'ऑन' किंवा 'अपॉन'च येतं, 'टू' किंवा 'ओव्हर' नाही. 'आय रिलाय दॅट ही विल कम' हेही चुकीचं. 'आय ॲम रिलाइंग ऑन हिम टू कम' असं म्हणायचं. 'रिलायेबल'ला मात्र 'ऑन' लागत नाही, ते त्या शब्दाच्या अर्थातच मुरलेलं आहे. नकारासाठी 'अनरिलायेबल'.

आता अर्थाची छटा, कारण शब्दकोशात 'विश्वासू' एवढंच वाचून फसायला होतं. गुपित ज्याच्यापाशी सुरक्षित राहतं तो 'ट्रस्टवर्दी'. तिथे नियत पाहिली जाते. ठरल्या वेळी, ठरलं काम, दर वेळी करणारा तो 'रिलायेबल'. तिथे सातत्य पाहिलं जातं. म्हणून यंत्र सहज 'रिलायेबल' असतं, पण त्याला 'ट्रस्टवर्दी' म्हटलेलं क्वचितच ऐकू येतं. मराठीत हाच फरक 'भरवसा' आणि 'विश्वास' यांत बराचसा सापडतो. 'भरवशाच्या म्हशीला टोणगा' या म्हणीत म्हशीच्या प्रामाणिकपणाचा प्रश्नच नाही, अपेक्षित फळ मिळालं नाही एवढंच. बातमीतल्या 'रिलायेबल सोर्स'ला 'खात्रीलायक सूत्र' म्हणावं.

संशोधनात हा शब्द आणखी काटेकोर होतो. तापमापी दर वेळी बरोबर 2 अंश जास्त दाखवत असेल, तर तिचं मापन तिथल्या अर्थाने 'रिलायेबल' आहे, कारण तेच माप पुन्हा पुन्हा मिळतं. पण ते अचूक नाही. प्रकल्प-अहवालात या दोन गोष्टी एक समजू नकोस.

शिफारसपत्रातही नुसतं विशेषण टाकून थांबू नकोस, त्याला कामाची जोड दे. ती ओळ अशी कर: 'ही इज रिलायेबल, यू कॅन रिलाय ऑन हिम टू मीट एव्हरी डेडलाइन.' पुढे त्याने वेळेत पूर्ण केलेलं एक काम नाव घेऊन लिही आणि मसुदा परत पाठव.