कापडाचा खर्च: सूत नेमके कोठे मोजावे?

प्रश्न : आमचा विणकामाचा लहान कारखाना आहे. ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) दोन्ही 40 काउंटचे (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा), इंचाला ताण्याचे 100 धागे व 80 पिके (बाण्याचे आडवे फेरे) आणि 60 इंच पन्हा (रुंदी) असे सुती कापड आम्ही प्रामुख्याने विणतो. धागे, पिके आणि पन्हा यांवरून मीटरला लागणारे सूत काढून त्याला भाव लावतो, त्यात विणाई मिळवतो आणि नफा धरून दर सांगतो. कागदावर नफा दिसतो, पण वर्षअखेर तो हाती उरत नाही. चूक कोठे होत असावी?

उत्तर : तुमचा हिशेब तयार कापडावरून मागे जातो, खर्च मात्र मागावर चढणाऱ्या सुताचा होतो, आणि या दोहोंमध्ये जे अंतर पडते ते तुमच्या नफ्यातून जाते. हे अंतर किती आहे, हे तुमच्याच कापडावर पाहू.

590.5 या संख्येला काउंटने भागले की 1000 मीटर सुताचे वजन ग्रॅममध्ये मिळते, म्हणजे 40 काउंटसाठी ते 14.76 ग्रॅम येते. तुमच्या पद्धतीने ताण्याचे 6000 धागे एक मीटर लांब धरले तर 88.6 ग्रॅम, आणि मीटरभर कापडातील सुमारे 3150 पिके 60 इंच लांब धरली तर 70.9 ग्रॅम, असे एकूण सुमारे 160 ग्रॅम सूत होते. परंतु कापडात कोणताही धागा सरळ पडलेला नसतो. तो आडव्या धाग्यांच्या वरून-खालून वळत जातो, त्यामुळे एक मीटर कापडासाठी ताणा एक मीटरपेक्षा जास्त लागतो. वळणांमुळे लागणारी ही जादा लांबी म्हणजे क्रिंप. हा क्रिंप 7 टक्के धरला आणि बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) बांधताना व संपताना वाया जाणारे सूत 2 टक्के धरले, तर ताण्याचे 88.6 ग्रॅम जवळजवळ 97 ग्रॅमवर जातात. बाण्याच्या बाबतीत फरक याहून मोठा असतो. मागावरून उतरल्यावर 60 इंच भरणारे कापड मागावरच्या फणीत (ताण्याचे धागे विलग ठेवणाऱ्या चौकटीत) 63 इंच रुंद असू शकते, आणि धोट्याशिवाय (बाणा वाहून नेणाऱ्या नळीशिवाय) चालणाऱ्या मागांवर दोन्ही कडांना कातरून टाकायची बाण्याची टोके, म्हणजे शेपटे, मिळून आणखी 3 इंच जातात. म्हणजे प्रत्येक पीक 60 नव्हे, 66 इंच सूत खाते आणि बाणा 78 ग्रॅमपर्यंत पोहोचतो. 160 ग्रॅमऐवजी एकूण 175 ग्रॅम सूत लागले, म्हणजे नऊ टक्क्यांहून अधिक सूत हिशेबाबाहेर राहिले. क्रिंप आणि फणीची रुंदी यांचे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमच्या कापडासाठी ते स्वतः मोजावेत. कापडावर ठरावीक लांबीवर दोन खुणा करून त्यांमधील धागा उसवावा, हलक्या हाताने सरळ करून मोजावा आणि वाढलेली लांबी कापडावरील लांबीच्या टक्केवारीत मांडावी. पाच-सहा धाग्यांची सरासरी घेतली तर आकडा पुरेसा विश्वसनीय येतो.

कापड थेट तराजूवर टाकून सूत काढण्याचा मोह काहींना होतो. कोऱ्या (धुलाई-रंगाई न झालेल्या) कापडाच्या वजनात ताण्याला लावलेली खळही असते, आणि कातरलेली शेपटे त्यात नसतात. त्यामुळे तो आकडा एकीकडे फुगतो आणि दुसरीकडे घटतो. पडताळणीसाठी तो ठीक आहे, दर ठरवण्यासाठी नाही. दुपदरी सूत वापरत असाल तर 2/40 (40 काउंटचे दोन पदर एकत्र पिळलेले सूत) हे हिशेबात 20 काउंट धरावे लागते, ही बाब घाईत सुटते आणि मग सूत निम्मेच दिसते.

आता विणाई. मजुरी हा विणाईचा एक भाग झाला. माग, वीज, जागा, देखभाल आणि कर्जाचे व्याज यांचा भार मागाच्या तासांवर पडतो. म्हणून मागाचा एका तासाचा एकूण खर्च काढून त्याला तासाला निघणाऱ्या मीटरने भागणे योग्य. मिनिटाला 600 पिके टाकणारा माग 85 टक्के कार्यक्षमतेने चालला तर तासाला 30,600 पिके, म्हणजे तुमचे 9.7 मीटर कापड निघते. धागे तुटून किंवा बीम बदलण्यात वेळ जाऊन कार्यक्षमता 75 टक्क्यांवर आली तर 8.6 मीटरच निघते आणि मीटरमागील मागखर्च 13 टक्क्यांनी वाढतो. स्वस्त सुताच्या खरेदीत वाचवलेले पैसे बऱ्याचदा येथे परत जातात, म्हणून सुताची तुलना किलोच्या भावावर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्राहकाने इंचाला 80 ऐवजी 88 पिके मागितली तर केवळ बाणा वाढवून दर सांगू नका. माग तेवढ्याच वेगाने चालला तरी कापड हळू निघते आणि मागखर्चही 10 टक्क्यांनी वाढतो.

पुढची चूक टक्केवारीची. धुलाई-रंगाईनंतर 100 मीटर कोरे कापड 94 मीटर भरत असेल, तर खर्चात 6 टक्के मिळवून भागत नाही, खर्चाला 0.94 ने भागावे लागते आणि वाढ 6.4 टक्के येते. नफ्याचेही तसेच आहे. विक्रीच्या दरावर 15 टक्के नफा हवा असेल तर खर्चाला 0.85 ने भागावे. खर्चावर 15 टक्के चढवले तर विक्रीवरील नफा 13 टक्केच राहतो. दुय्यम प्रतीचे कापड कमी दराने जाते, ती तूट चांगल्या मीटरांवर वाटून घ्यावी.

प्रश्न : आम्ही विणलेले होजिअरी कापड रंगवून किलोवर विकतो. सर्व रंगांना एकच रंगाईखर्च लावावा का?

उत्तर : लावू नये. रंगाचे प्रमाण कापडाच्या वजनाच्या टक्केवारीत ठरते. फिकट छटेला अर्धा टक्काही पुरेसा असतो, तर गडद छटेला तीन-चार टक्के लागू शकतात, शिवाय नंतरची धुलाईही वाढते. छटांचे फिकट, मध्यम आणि गडद असे तीन गट करून प्रत्येकाचा खर्च वेगळा काढावा. ग्राहक मीटरच्या हिशेबाने विचारत असेल तर 1000 ला जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन) आणि मीटरमधील पन्हा यांच्या गुणाकाराने भागावे: 180 जीएसएम आणि 1.8 मीटर पन्हा असेल तर किलोला सुमारे 3.09 मीटर मिळतात. जीएसएम मात्र रंगाईनंतरच्या, आकसलेल्या कापडाचे घ्यावे.