मॅनेजमेंट सायन्स शिकायला इंग्लंडला येण्याआधी

तुमचा प्रश्न वाचला आणि पटकन उत्तर लिहिता आलं नाही. वय छत्तीस, चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग, बायको शिक्षिका, मुलगी तिसरीत. इंग्लंडला एक वर्षाचं मॅनेजमेंट सायन्सचं एमएससी करावं का आणि एक्सेल कितपत यावं लागतं, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, फी, बँकेत किती पैसे दाखवायचे हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते मी लिहीत नाही. त्यातली एकच गोष्ट सांगतो, कारण तुमचा सगळा बेत तिच्यावर उभा आहे. 1 जानेवारी 2024 पासून सुरू होणाऱ्या अशा एमएससीला नवरा-बायको आणि मुलांना सोबत आणता येत नाही. मी त्याआधी आलो, तिघं मिळून आलो.

आधी विषयाबद्दल. मॅनेजमेंट सायन्स म्हणजे हाताशी असलेल्या साधनांत सगळ्यात चांगला निर्णय गणिताने काढणं; इंजिनिअरिंगला यालाच आपण ऑपरेशन्स रिसर्च म्हणायचो, आणि शिकलो ते हाताने. बिग एम, व्होगेलची पद्धत, हंगेरियन पद्धत अशा सोडवायच्या रीती, सिम्प्लेक्सचे तक्ते भरून पानंच्या पानं. प्रश्नात चार कारखाने, पाच गोदामं आणि प्रत्येक वाटेचा खर्च छापून दिलेला असायचा. अमेरिकन गणितज्ञ डँट्झिगने सिम्प्लेक्स पद्धत मांडली 1947 मध्ये. ती आकडेमोड आता सॉल्व्हर, म्हणजे सगळ्यात चांगलं उत्तर शोधून देणारं सॉफ्टवेअर, क्षणात करतो आणि इथे तिला फारसे गुण नाहीत. आम्हाला पहिल्याच महिन्यात एका बेकरीच्या वितरणाची दीड पानाची हकीकत दिली. त्यातली निम्मी माहिती बिनकामाची होती, आणि हवी ती कुठेच नव्हती. निर्णय कोणता घ्यायचाय, काय बदलणं आपल्या हातात आहे, अडतंय कुठे, आणि कमी काय करायचंय, खर्च की उशीर, हे साध्या वाक्यांत लिहून दाखवेपर्यंत एक्सेल उघडायचं नाही. मला हे फार अवघड गेलं. बेकरीवाल्याच्या भूमिकेत बसलेल्या प्राध्यापकांना प्रश्न विचारत राहायचं होतं, आणि आपल्याला तयार प्रश्न सोडवायची सवय.

खरं सांगायचं तर हे तुम्ही याच आठवड्यात चाकणला सुरू करू शकता. सॉल्व्हर एक्सेलमध्येच असतो, ॲड-इन्समध्ये जाऊन चालू करावा लागतो एवढंच. कुठला भाग किती बनवायचा हा पुढच्या आठवड्याचा प्रश्न घ्या. पेंट शॉपचे तास, प्रेसचे तास, ग्राहकाला द्यावीच लागणारी किमान संख्या या तुमच्या अटी. उत्तर आलं की सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट (अटी थोड्या बदलल्या तर उत्तर किती बदलेल ते सांगणारा तक्ता) काढा आणि पेंट शॉपच्या ओळीतली शॅडो प्राइस बघा. आणखी एक तास मिळाला तर नफा किती रुपयांनी वाढेल, ते तिथे असतं. तो आकडा तासाच्या ओव्हरटाइमपेक्षा मोठा असेल तर रविवारची पाळी लावायला तुमच्याकडे कारण आहे. पण किती तासांपर्यंत तो आकडा टिकतो, हेही त्याच ओळीत दिलेलं असतं, आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत. नग पूर्ण आकड्यातच हवेत अशी अट घातली की हा रिपोर्ट मिळत नाही. म्हणून आधी ती अट काढून चालवा.

एक्सेलबरोबर येणाऱ्या सॉल्व्हरला बदलत्या सेलची, म्हणजे ज्यांचे आकडे त्याने शोधायचे त्या चौकटींची, मर्यादा 200 आहे. दहा कारखाने आणि पंचवीस गोदामं घेतली, प्रत्येक वाटेला एक सेल, की अडीचशे होतात. तेव्हा ओपनसॉल्व्हर वापरा, ऑकलंड विद्यापीठात तयार झालेलं आहे आणि फुकट मिळतं. आणि फॉर्म्युल्याच्या पोटात आकडा लिहू नका. दर, तास, क्षमता, सगळी गृहीतकं वेगळ्या शीटवर ठेवा, म्हणजे दुसऱ्याला तपासता येतील. 2020 च्या शरदात इथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या कोविडच्या रोजच्या आकडेवारीतून 15,841 रुग्ण गळाले होते. जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये 65,536 ओळींपलीकडे जागाच नसते, हे त्यामागचं कारण. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना कळवायला उशीर झाला. माझ्या ऑफिसात नवीन माणूस आला की मी त्याला हे सांगतोच.

वर्गात असाइनमेंट मॉडेल चाललं होतं, कोणाला कुठली जागा दिली म्हणजे एकूण अंतर कमी होईल, त्याच दिवसांत आमच्या मुलीला शाळा मिळत नव्हती. इथे नियमित प्रवेशाच्या वेळी पसंतीक्रम, अंतर वगैरे बघून रीतसर वाटप होतं. वर्षाच्या मध्ये येणाऱ्याला जिथे जागा उरली असेल तिथे जावं लागतं. तिला दोन बस बदलून जायची शाळा मिळाली. तिथे तिला गणितात सगळ्यात खालच्या गटात बसवलं, कारण ती बोलत नव्हती. पाढे येत होते, भागाकार येत होता, पण कसं केलं ते इंग्रजीत समजावून सांगता येत नव्हतं. मी जाऊन भेटलो, तिची आई भेटली. वर्ष संपेपर्यंत गट बदलला नाही. आता ती पुढे गेली आहे, चांगले गुण मिळवते, पण गणित आवडतं का म्हटलं की खांदे उडवते. साताऱ्यात असताना ती आईजवळ बसून आपणहून गणितं मागायची. हे मला अजून सलतं आणि तुमची मुलगी तिसरीत आहे म्हटल्यावर हेच सगळ्यात आधी आठवलं.

तिची आई साताऱ्याला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची. तिची डिग्री माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने. इथे शिकवायचं तर दोन्ही नावांची बाई एकच हे सिद्ध करायला आधी प्रतिज्ञापत्र, मग विवाह नोंदणीच्या दाखल्याचं प्रमाणित भाषांतर, मग विद्यापीठाचं पत्र, जे आणायला माझा भाऊ हेलपाटे घालत राहिला. तोवर तिने शाळेत मदतनिसाची नोकरी धरली आणि ती अजून तिथेच आहे. ती तक्रार करत नाही. मी घरी कामाचं बोलायला लागलो की ऐकते, मॉडेलमधली चूक माझ्याआधी काढते. इथल्या नोकरीवर मी समाधानी आहे, आणि तिच्याकडे बघितलं की ते समाधान पूर्ण होत नाही.

एकटेपणाबद्दल विचारलंत. असतो. काम सुरू झालं की कमी होतो. गणपतीत आणि आईचा फोन चुकला की वाढतो. त्यावर याहून जास्त लिहिणार नाही.

तुम्ही यावं की नाही, हे मी ठरवू शकत नाही. मात्र ते वर्ष तुम्ही इथे एकटे आणि त्या दोघी तिथे, आणि पुढे नोकरी मिळाली तर मुलगी चौथी-पाचवीच्या वयात अधेमधे इथल्या शाळेत येणार, हे तिघांनी बसून बोला. मुलीशीही बोला. विद्यापीठाचं डिपॉझिट भरायच्या आधी पेंट शॉपचं मॉडेल करून साहेबांना दाखवा. त्यांनी त्यावर एक जरी पाळी बदलली, तरी प्रवेशाच्या अर्जात लिहायला खरं काम तुमच्याजवळ असेल. आणि बायकोच्या डिग्रीवर कुठलं नाव आहे ते आज संध्याकाळी बघा. वेगळं असेल तर गॅझेटमध्ये नावबदल आत्ताच करून घ्या आणि विद्यापीठाचं पत्रही तुम्ही तिथे असतानाच काढा.