आधी कारण लिही

अनेक आशीर्वाद.

वरच्या कोर्टातले न्यायाधीश ओळखीपाळखीवर नेमले जातात, मग जेएमएफसीची, म्हणजे खालच्या कोर्टातल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाची, परीक्षा कशाला द्यायची, हा तुझा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

तू दोन गोष्टींची गल्लत करतेयस. तुझी निवड लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून आणि मुलाखतीतून होणार, उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने. मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली, तीही तुझी झालीय. कॉलेजियमचा, म्हणजे वरच्या कोर्टांचे न्यायाधीश निवडणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाचा, तिथे संबंध नाही.

आता कॉलेजियम. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडावेत याला माझा विरोध नाही. सरकारच्या हाती निवड गेली की काय होतं, ते १९७३ मध्ये दिसलं. शेलत, हेगडे, ग्रोवर या तिघा ज्येष्ठांना डावलून ए. एन. राय सरन्यायाधीश झाले. निवडीत सरकारलाही वाटा देणारा न्यायिक नियुक्ती आयोग २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेही मला पटलं. माझं भांडण एवढंच, की एखादं नाव का घेतलं आणि का गाळलं ते लिहा. २०१७ पासून कॉलेजियमचे ठराव संकेतस्थळावर येऊ लागले, पण कारणं कधी असतात, कधी नसतात.

जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीत मी मुलाखतीपर्यंत पोचलो होतो. नाव लागलं नाही. त्याचं दुःख केव्हाच ओसरलं, पण 'का नाही?' हे अजून टोचतं.

पक्षकाराचंही तसंच असतं गं. बांधाच्या दाव्यात निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जाखाली आदेश येतो, 'अर्ज वाचला. उभय पक्षांचे ऐकले. नामंजूर.' शेतकरी ती नक्कल माझ्यापुढे धरतो आणि विचारतो, "साहेब, आपलं काय चुकलं?" त्याला काय सांगू? त्या कागदात कारणच नाही. तो हरायला तयार असतो. पण का हरलो हे न कळता घरी कसा जाईल? मुद्दे, निष्कर्ष आणि त्यापुढे कारणमीमांसा हा निकालपत्राचा साचा सगळ्यांना पाठ असतो, आणि नेमकी कारणमीमांसाच दोन ओळींत उरकली जाते.

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचं बघ. १९७६ मध्ये, आणीबाणीत, चौघा न्यायाधीशांविरुद्ध ते एकटे होते. जगण्याचा हक्क सरकार काढून घेऊ शकत नाही, असं त्यांनी सविस्तर कारणांसह लिहिलं. पुढच्या वर्षी त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले. खुर्ची गेली ती गेलीच. पण २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात, म्हणजे खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, बहुमताचा तो निकाल मोडीत निघाला आणि खन्नांची कारणं खरी ठरली. नुसतं 'असहमत' लिहिलं असतं तर पुढच्यांच्या हाती काय लागलं असतं?

तुला कोणी नेमलं, कशावरून नेमलं, हे तुझ्या हातात नाही. कारण लिहिणं आहे. बोर्डावर शंभर प्रकरणं असोत, कारण लिही. समोर बडा वकील असो, कारण लिही.

मी पुन्हा परीक्षा द्यायला हवी होती, असं लोक म्हणतात. म्हणोत. कारणाशिवाय आदेश झाला की मी अपील केलंच, फी मिळो न मिळो. काही न्यायाधीश नाराज झाले, पण कुणीतरी ते करायलाच हवं होतं, आणि ते वकिलीत राहूनच होतं.

फॉर्म भर, त्यावर आता चर्चा नको. रविवारी घरी ये. बांधाच्या दाव्याची फाईल काढून ठेवतो. निशाणी ५ वर तुझा आदेश लिहून दाखव. मंजूर कर, नामंजूर कर, पण त्या शेतकऱ्याला वाचून कळेल असा लिही.