फिरत्या लाल दिव्याचं काय करू?

प्रश्न : भंगारात जुन्या ॲम्ब्युलन्सवरचा लाल फिरता दिवा घावला, २४ व्होल्टचा आहे. बल्ब लागतोय पण आतलं फिरत नाही, नुसतं घूं घूं करतंय, आणि वरचं झाकण पार धुरकटलंय. नीट करून माझ्या जीपवर लावू का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भावा, आवाज येतोय म्हणजे मोटर जिवंत आहे, खुश हो! या दिव्यात बल्ब जागेवरच असतो, त्याच्याभोवती आरसा फिरतो, आणि बहुतेक वेळा गिअरमधलं जुनं ग्रीस वाळून गुळाच्या खड्यासारखं घट्ट झालेलं असतं. ते केरोसीननं धुवून काढ, नवीन ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढंच लाव. गिअरचे दातच झिजले असतील तर उद्यमनगरात एखादा लेथवाला गाठ, नमुना दाखवलास की करून देईल. आरसा मात्र घासू नकोस, मुलामा निघाला की संपलं, ओल्या मऊ फडक्यानं हलकं पुसायचं. झाकणाला थिनर तर अजिबात नको, प्लॅस्टिक तडकतं, १००० मग २००० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर आणि शेवटी रबिंग कंपाउंड, म्हणजे चमक आणायची पेस्ट, बास. टेस्टिंगला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, जोड आणि फ्यूज टाक, मोबाइलच्या चार्जरवर हे चालणार नाही.

आणि जीपवर? नाही रे! १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेसुद्धा उतरलेत, तू कुठं लावतोस? हॉलमध्ये शोकेसवर ठेव.