काळ्या मातीतून आलेली माउंटन बाइक : पाणी कमी, फडकं जास्त

प्रश्न थोडक्यात असा आहे: बीडहून मांजरसुंबा-कपिलधारच्या बाजूला पावसात सहा-सात फेऱ्या झाल्या, दर वेळी सर्व्हिसिंग सेंटरवर प्रेशरने सायकल धुतली, घरी येऊन चेनवर भरपूर ऑइल सोडलं. आता पेडल मारताना खालून करकर येते आणि चढावर गियर उडतो. 10 स्पीडची (मागे 10 चक्रं) हार्डटेल, म्हणजे मागे शॉकअप नसलेली, पुढे शॉकअप, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक.

धुणं जास्त झालंय आणि पुसणं राहून गेलंय, एवढंच. आधी करकर बघू. बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस ज्यात फिरतो तो भाग), हब (चाकाचा मधला भाग) आणि हेडसेट (हँडल वळतं तिथली बेअरिंगं) यांची सीलं धूळ नि शिंतोडे अडवायला असतात, प्रेशर गनचा झोत अडवायला नाही. झोताने पाणी आत शिरतं, मग बाहेर निघायला वाट नसते. ग्रीस ताकासारखं पांढरट होतं आणि पंधरा-वीस दिवसांत छर्रे गंजायला लागतात. तपासायला चेन पुढच्या चक्रावरून उतरवा, एक हात फ्रेमवर बॉटम ब्रॅकेटपाशी ठेवा आणि दुसऱ्याने क्रँक (पेडलचा दांडा) सावकाश फिरवा. हाताला खरखर जाणवली तर बेअरिंग गेलं समजा. सीलबंद कार्ट्रिज (न उघडणारं अखंड बेअरिंग) असेल तर त्यात ग्रीस भरत बसू नका, बदला. खरखर नसेल तर आवाज बहुधा पेडलच्या आट्यांमधून किंवा सीटपोस्टमधून (सीटखालच्या दांड्यातून) येतो. दोन्ही काढून पुसा, ग्रीस लावून परत बसवा. (सीटपोस्ट किंवा फ्रेम कार्बनची असेल तर तिथे साधं ग्रीस चालत नाही.) डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, हे विसरून जोर लावला की क्रँकचे आटे जातात.

आता माती. आपल्याकडे दोन तऱ्हा आहेत आणि दोघींचं औषध वेगळं. डोंगरावरचा मुरूम चिकटत नाही, पण त्याची कच चेनच्या ऑइलमध्ये बसते आणि घासणारी लुगदी तयार होते. पांदणीतली काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या याच कारणाने. म्हणून टायर, रिम आणि फ्रेमवरचे गोळे ओले असताना रगडू नका. सायकल दोन-तीन तास वाऱ्याला उभी करा आणि लाकडी पट्टीने टकटक करा, ढेकळं आपोआप सुटतात. स्क्रू-ड्रायव्हर घालून उकरू नका, रंग जातो. फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) कमानीखाली आणि बॉटम ब्रॅकेटच्या मागे, चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळ्या) जिथे जुळतात तिथे, हमखास लगदा साचलेला असतो.

चेन, मागचा डेरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) आणि शॉकअपच्या चकचकीत नळ्या मात्र वाळू द्यायच्या नाहीत, त्या त्याच दिवशी पुसायच्या. नळ्यांना आधी ओलं फडकं, मग कोरडं. कोरड्या कचीवरून थेट फडकं फिरवलं तर ओरखडे पडतात, आणि एकदा सीलच्या वाटेत ओरखडा आला की तिथून तेल पाझरत राहतं.

पाण्याचं म्हणाल तर 4-5 लिटर पुरे. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच्या शेजारजिल्ह्यात सायकलीवर पाइप सोडून गप्पा मारणं तसंही शोभत नाही. फवारणीचा छोटा हातपंप घ्या, नोझल बारीक फवाऱ्यावर ठेवा. शेतातला तणनाशकाचा पंप नको. गाडी धुण्याचा शाम्पू चालतो. कपड्यांची पावडर तीव्र अल्कली असते, ॲल्युमिनियमच्या भागांची चमक मारते. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर सायकल तशीच सुकू देऊ नका, लगेच पुसा, नाहीतर पांढरे डाग राहतात आणि बोल्टची डोकी गंजतात. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी बरेच जण वाचवून सायकलीला वापरतात. हेतू चांगला, पण त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशीला वापरा.

चेनला नीट वेळ द्या, कारण चढावर उडणारा गियर बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो. दर फेरीनंतर कोरडं फडकं खालच्या पट्ट्यावर चिमटीत धरून पेडल उलटं 20-30 वेळा फिरवा. रोजचं काम एवढंच. चेन काळी कुळकुळीत झाली आणि बोटाला कच लागली, तरच काढून धुवा. रुंद तोंडाच्या बाटलीत रॉकेल, न मिळाल्यास डिझेल घ्या, चेन टाकून हलवा. दोन-तीन वेळा द्रव बदला, शेवटचा स्वच्छ हवा. पेट्रोल वापरू नका, त्याची वाफ भडकते. वापरलेलं रॉकेल रात्रभर ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं नितळून पुढच्या वेळी चालतं. चेन पूर्ण सुकू द्या. आत रॉकेल राहिलं तर नवीन ऑइल पातळ होऊन निघून जातं.

ऑइल प्रत्येक रोलरवर एकच थेंब, आतल्या बाजूने. साधारण 116 कड्या म्हणजे 116 थेंब, जेमतेम 6 मिली. मग एक मिनिट पेडल उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि बाहेरून पुसून काढा, इतकं की फडक्यावर फारसं काही उमटू नये. ऑइल पिन आणि रोलरच्या मध्ये लागतं, बाहेरचं ऑइल फक्त फुफाटा गोळा करतं. तुम्ही "भरपूर" सोडलंत ते नेमकं इथे नडलं. पावसाळ्यात ओलं ल्युब (चेनचं वंगण), दिवाळीनंतर मेणाचं किंवा ड्राय ल्युब. ड्राय ल्युब आदल्या रात्री लावायचं, सकाळी निघताना नाही, कारण त्यातला पातळ द्रव उडून जायला काही तास लागतात. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून कोणी लावू नये. त्यात काजळी आणि धातूचा चुरा असतो. डब्ल्यूडी-40 ची साधी बाटली पाणी हटवायला आहे, ते चेनचं ल्युब नव्हे.

आता मोजा. स्टीलची 30 सेंटिमीटरची पट्टी घ्या, चेन ताणलेली ठेवा, एका पिनचं केंद्र 10 मिमीच्या रेघेवर धरा. नव्या चेनमध्ये 20 कड्या पुढची पिन बरोबर 264 वर येते, म्हणजे 254 मिमी. तुमच्या 10 स्पीडला हे अंतर 256 च्या जवळ गेलं की चेन बदला. 11-12 स्पीडवाल्यांनी 255.3 लाच बदलावी. 256.5 ओलांडलं असेल तर कॅसेटचे (मागच्या चक्रांच्या संचाचे) दातही झिजलेले असतात, आणि नुसती नवी चेन घातली तर ती जुन्या दातांवर आणखीच उडेल.

चेन ठीक निघाली तर केबल बघा. मागच्या डेरेलरजवळच्या वळणावर चिखल शिरतो. गियर मोठ्या चक्रावर नीट चढतो पण लहानावर उतरायला उशीर लावतो, ही तिची खूण. चढवायला तुमचा अंगठा असतो, उतरवायला फक्त स्प्रिंग, आणि अडकलेली केबल स्प्रिंगला जुमानत नाही. आतली तार आणि बाहेरचं आवरण दोन्ही बदला. डेरेलरचा हँगर (डेरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकलाय का, तेही मागून डोळ्याने बघा.

ब्रेकजवळ कुठलाही स्प्रे मारू नका. डिस्कला तेलाचा हात लागला की ब्रेक किंचाळतो आणि पकडत नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॅडने तेल प्यायलं असेल तर तो बदलणंच बरं.

शॉकअपच्या खालच्या नळ्यांचं तेल बऱ्याच मॉडेलना 50 तासांनी बदलायला सांगतात, तुमच्या पुस्तिकेतला आकडा बघा. आपल्या धुळीत तो लांबवू नये.

शेवटी टायर. वेड्या बाभळीचा काटा ट्यूब भोकसून मोडतो आणि टोक टायरमध्येच राहतं, नवी ट्यूब घातली की पुन्हा पंक्चर. बोटाने शोधाल तर बोटात जाईल. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा, तंतू अडकला की काटा तिथेच. ट्यूबलेस असेल तर मार्च ते जूनमध्ये सीलंट (भोक बुजवणारा आतला द्रव) दर दोन महिन्यांनी तपासा, उन्हात ते लवकर सुकतं. हवा सोडून व्हॉल्व्हचा आतला गाभा काढा आणि तिथून काडी घालून बघा, ओली निघाली तर ठीक. कोरडी निघाली तर 29 इंची टायरला साधारण 100 मिली ओता.