कोकणातच राहून विज्ञानाच्या शिक्षिकेला पुढे जाता येतं का?

तू लिहिलंयस की भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालीस, आता बी.एड. करायचंय, राजापूर सोडायचं नाही, आणि तरी विज्ञान कसं शिकवलं जावं हे ठरवणाऱ्या माणसांत एक दिवस बसायचंय. घरचे म्हणतात, त्यासाठी मुंबई-पुणं गाठावं लागतं, नाहीतर बाईच्या नशिबी निवृत्तीपर्यंत तोच फळा. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून अगंतुगं करते.

जमतं. मी घाटावरची, लग्न होऊन इकडे आले. पूर्णगडच्या बाजूला, मुचकुंदीच्या खाडीकाठच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि आज त्याच पट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. विज्ञान शिक्षकांची प्रशिक्षणंही घेते. पण मधली सात वर्षं माझ्या हातानं गेली. ती तुझी जाऊ नयेत.

आधी सुरुवातीचं सांगते. नोकरीचं तिसरं वर्ष, आठवीचा वर्ग, भरती-ओहोटी. फळ्यावर चंद्र, पृथ्वी आणि दोन्ही बाजूंना फुगलेलं पाणी काढत होते. मागच्या बाकावरून एक खारव्याचा, म्हणजे मच्छीमाराचा, पोरगा म्हणाला, "बाई, आज पंचमी. पावणेचारला भरती." कसं काढलंस विचारलं, तर म्हणाला, "तिथीची पाऊणपट." पाच गुणिले पाऊण, पावणेचार. आजोबांनी शिकवलेलं. माझ्या पदवीत हे कुठेच आलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर आम्ही धक्क्यावर गेलो. एका खांबावर वीत-वीत अंतरानं ऑइलपेंटचे पट्टे मारले आणि पुढचा महिनाभर मुलांनी पाळीपाळीनं पाणी कुठल्या पट्ट्याला किती वाजता टेकतं ते वहीत लिहिलं. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, कारण पृथ्वीची फेरी पुरी होईतो चंद्रही थोडा पुढे गेलेला असतो. आजोबांच्या हिशेबात मात्र दर तिथीला ४५ मिनिटं. ही पाच मिनिटं गेली कुठे, यावर वर्गात दोन तास भांडण झालं. तिथी दिवसापेक्षा किंचित लहान असते हे एका मुलीनं घरच्या पंचांगातून शोधून आणलं. तरी काही मिनिटं उरलीच, तेव्हा कुणीतरी म्हणालं, होडीत बसून तोंडी हिशेब करायचा तर पाऊणपटच सोपी. अमावास्येच्या उधाणाला वरचे दोन पट्टे बुडाले आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी भरतीला, कोरडे राहिले, तेव्हा सूर्याचाही यात वाटा आहे, हे मुलांनीच मला सांगितलं.

ती वही तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात गेली. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मला तिच्यावर बोलायला लावलं. मग डाएटनं, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेनं, बोलावलं. कुठलंही पद नसताना दुसऱ्या शाळांचे शिक्षक फोन करून "बाई, हा धडा तुम्ही कसा घेता?" असं विचारू लागले, ते त्या वहीमुळे.

आता चूक. मुख्याध्यापकपद रिकामं झालं तेव्हा सेवाज्येष्ठतेनं माझा नंबर होता. ती शाळा चालवणाऱ्या संस्थेचे एक पदाधिकारी घरी आले. मुलगी दहावीला, सासूबाई अंथरुणाला, मुख्याध्यापकाला सारख्या रत्नागिरीला खेपा, तुम्हाला झेपायचं नाही, असं चहा घेता घेता समजावलं. नकारपत्र टाइप करूनच आणलं होतं. मी सही केली. माझ्या मागचे सर त्या खुर्चीत सात वर्षं होते. माणूस चांगला, त्यांच्यावर राग नाही. पण प्रयोगशाळेचे पैसे कशावर खर्चायचे, विज्ञानाचे जोडतास वेळापत्रकात ठेवायचे की नाही, हे सात वर्षं माझ्याशिवाय ठरलं. आमचा धक्क्यावरचा उपक्रम त्यातच बंद पडला. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून १९८१ ची खाजगी शाळांची सेवाशर्ती नियमावली नोकरी लागताच वाच. मुख्याध्यापकपद पात्र असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाचं असतं. हक्क सोडायचा तर तो स्वेच्छेनं आणि लेखी सोडावा लागतो. 'स्वेच्छेनं' हा शब्द मी सही करताना वाचलाच नाही. ज्येष्ठता यादी सहीला येईल तेव्हा तुझ्या नेमणुकीची नि बी.एड.ची तारीख ताडून बघ. घरात अडचण असली तर घरच्यांशी बोल, कागदावर सही करू नकोस.

बाकीचं थोडक्यात. बी.एड. दोन वर्षं, मग शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल, म्हणजे भरतीचं सरकारी संकेतस्थळ. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी ठरावीक मानधन. २०२३ पासून माध्यमिकला मानधन १८,००० रुपये आहे, त्याची मनाची तयारी ठेव. एम.एस्सी. नक्की कर, जमलं तर एम.एड.ही. डाएटची अधिव्याख्यातापदं आणि लोकसेवा आयोगातून शिक्षण सेवेतली पदं, दोन्ही वाटा त्यामुळे मोकळ्या राहतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विज्ञान-शिक्षणात पीएच.डी. करता येते. जयश्री रामदास भौतिकशास्त्राकडून याच विषयाच्या संशोधनात आल्या आणि पुढे त्या केंद्राच्या संचालक झाल्या. त्या वाटेनं जायचं तर काही वर्षं कोकण सोडावं लागेल, हे घरच्यांचं खरं आहे.

आईला जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट सांग. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, तो नकार त्यांनी मानला नाही. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या.

आणि एक. मे महिन्याच्या सात तारखेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमाराला आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. ऑगस्टच्या सुरुवातीला हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढग. मे महिन्यात शाळेला सुट्टी, त्यामुळे आम्ही मुलांना मुद्दाम मैदानात बोलावतो, काठ्या रोवतो, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण करतो. राजापूरहून सकाळच्या एसटीनं येता येईल. सहावी-सातवीचा गट तुझ्याकडे देईन.